पंचवीस दिवसांचं पाणी

सातपुडा मी आयुष्यात एकदाच आरपार ओलांडला. पाच दिवस, पायी, आईला बरोबर घेऊन. गावातली पोरंटोरं अजून विचारतात, वाघ दिसला का, वाट चुकलात का. वाघ दिसला नाही. आणि वाट चुकायचा प्रश्नच नव्हता, माझी आखणी इतकी चोख होती. त्या चोखपणाचंच दुखणं आहे. ते पोरांना सांगण्यासारखं नाही, म्हणून मी त्यांना वाघाची एक थाप मारतो आणि वाटेला लावतो.

आमचं गाव म्हसावदच्या बाजूचं. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. उत्तरेला तोंड केलं की सातपुडा दिसायचाच, विहिरीवर असा की खळ्यात असा. वडील लवकर गेले. घरात थोरले काका कर्ते, मग माय, मी आणि माझी बायको, तिला येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. माझ्याहून चार वर्षांनी लहान बहीण डोंगराच्या पलीकडे दिलेली, बडवाणी संस्थानात, नर्मदेच्या काठच्या एका गावी. आमच्या जातीची घरं तिकडे पुष्कळ. आमचे मूळपुरुषही तिकडूनच आले असं म्हणतात, त्यामुळे तिकडच्या सोयरिकीला मान होता. मान होता खरा, पण जायचं कसं? रेल्वेने भुसावळ, तिथून खंडवा, पुन्हा गाडी बदलायची, मग तीन-चार दिवस बैलगाडी. सगळा मिळून नऊ दिवसांचा वळसा. मुलगी एकदा गेली की गेलीच. लग्नानंतर चार वर्षांत ती फक्त एकदा आली होती, तेही वडिलांच्या दिवसांना.

मायने लेकीचं घर पाहिलंच नव्हतं. त्याला अंतर हे एक कारण होतं, दुसरं पाण्याचं. लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचं पाणी आईबापांनी प्यायचं नाही, हा नेम पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्याकडे तो जरा जास्तच कडक होता. घरचं तर नाहीच, पण लेकीच्या गावच्या शिवेतलंही पाणी नाही. काकांनी हा नेम स्वतःच्या दोन लेकींच्या बाबतीत पाळला होता. एकीच्या घरी पाटावर बसून, घसा कोरडा पडलेला असताना, त्यांनी व्याह्यांशी दुपारभर गप्पा मारल्या होत्या, आणि ती गोष्ट ते मोठ्या तोऱ्याने सांगत. मायलाही नेम मोडायचा नव्हता. काकांच्या धाकाने नाही. नेम मोडला तर त्याची बाधा लेकीच्या पोटाला होते, असं तिला अगदी मनापासून वाटे. आणि बहिणीचं पोट आधीच दोनदा रिकामं झालं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला निरोप आला. आणला एका पावऱ्याने. हा डोंगरातल्या पावरा जमातीचा माणूस, चारोळी, डिंक, मध घेऊन म्हसावदच्या बाजाराला यायचा आणि पलीकडे उतरून नर्मदेकाठच्या गावांतही हिंडायचा. त्याचे सोयरे दोन्ही उतारांवर होते. बहिणीच्या दारात तो चारोळी विकायला बसला असताना बोलता बोलता तिला कळलं की हा म्हसावदकडे जातो. मग तिने त्याला आमचं गाव, आमची आळी, दारातलं निंबाचं झाड, सगळं समजावून सांगितलं. सातवा लागलाय. सुईण सांगते, पोटाला हिसका लागता कामा नये, त्यामुळे माहेरी पाठवणार नाहीत. पाय सुजतात. एवढं सांगून शेवटी म्हणाली, मायले लई ये, म्हणजे मायला घेऊन ये. हे तिने तीनदा सांगितलं, असं तो म्हणाला. तिसऱ्यांदा सांगताना तिने त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवला होता.

मायला बोलावण्यात नुसती माया नव्हती. मायच्या हाताला यश होतं. आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्या हातावर उतरलेली. आडवं आलेलं मूल तेलाच्या हाताने वळवणारी बाई म्हणून तिला शेजारच्या गावांतूनही गाडी यायची. बहिणीला हे माहीत होतं. दोनदा जे झालं ते तिसऱ्यांदा होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. मायने निरोप ऐकला, कपाळावरचा पदर नीट केला आणि मला म्हणाली, डोंगरातून किती दिवस लागतात ते याला विचार. रेल्वेचं नाव तिने काढलंच नाही.

तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. मी शहाद्याच्या शाळेत मराठी सातवी पास झालेला. गावात कोणाचं पत्र आलं की वाचायला मी, मुहूर्त बघायचा तर पंचांग उघडायला मी. अंगात भारी शहाणपण होतं. दर बाजाराला मी त्या पावऱ्याला घरी बोलवायचो, तंबाखू द्यायचो आणि ओट्यासमोर बसवून डोंगर विचारायचो. किती कोस, असं विचारलं की तो हसायचा. त्याला कोस ठाऊक नव्हते. सकाळी निघालं की ऊन डोक्यावर येतं तिथे एक झरा, बाई बरोबर असली तर ऊन कलतं तिथे, असं तो सांगायचा. मग त्याने अंगणात दगड मांडले. मोठा दगड म्हणजे चढ, धाकटा म्हणजे टेकाड, मधून बोटाने ओढलेल्या रेघा म्हणजे नाले, आणि मुक्कामाच्या ठिकाणी ज्वारीचे दाणे. मी घरातून वही आणायला गेलो तेवढ्यात चिमण्यांनी आमचा तिसरा मुक्काम टिपून नेला. माय कितीतरी दिवसांनी हसली.

पाच दिवस आणि चार मुक्काम. पहिला राणीपूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला, दुसरा घाट चढून तोरणमाळच्या अंगाला, तिसरा त्या पावऱ्याच्या घरी, चौथा पलीकडच्या उतारावर त्याच्या मेहुण्याकडे. पाचव्या दिवशी ऊन कलायच्या आत नर्मदा. मी सगळं वहीत उतरवलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी दोन दिवस टिकतात, पुढे दशम्या. मीठ, मिरची, गूळ, शेंगदाण्याची चटणी. दोन घोंगड्या. बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, सुंठ, वावडिंग, आणि मायचं ते तेल, ती स्वतः कढवायची ते. बायकोने चार दिवस दळण केलं. काका येऊन जाऊन वहीत डोकवायचे आणि मान हलवायचे. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, पाण्याचं काय?

वाटेवरच्या पाण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न पोचल्यानंतरचा होता. माय बाळंतपणाला जाणार म्हणजे मूल व्हायच्या आधी जाणार. मूल व्हायच्या आधी तर नेम लागू. म्हणजे मूल होईपर्यंत जितके दिवस जातील तितके दिवस तिने त्या शिवेतल्या पाण्याला शिवायचं नाही.

पारावर हा विषय आठ दिवस चालला. नर्मदेचं पाणी चालेल की नाही? कोणी म्हणे मैया ती मैया, ती काय कुणाची सासरवाडी आहे? काका म्हणाले, अख्खं गाव तिचं पाणी भरतं, लेकीचा माठही त्यानेच भरतो, मग ते लेकीच्याच घरचं झालं. दुसऱ्याने शंका काढली, गावाच्या वरच्या अंगाचं घेतलं तर? त्यावर तिसरा म्हणाला, पाणी काय शिवेवर थांबून विचारतं का? मोठमोठी डोकी या गोष्टीत गुंतली होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. मला तेव्हा यात काही चुकीचं दिसलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. मला तो एक मजेदार पेच वाटला, आणि पेच सोडवायला मी बसलोच होतो.

शेवटी ठरलं की नर्मदा नाही. पावऱ्याने सांगितलं, गावाच्या शिवेबाहेर डोंगरात एक बारमाही झरा आहे, तिथून गावात उतरायला अर्धा दिवस. मी म्हटलं, झालं तर. डोंगरातले लोक भोपळा वाळवून, आतून कोरून पाण्यासाठी वापरतात, त्याला तुंबा म्हणतात. असे चार मोठे तुंबे त्याच्याकडून मागवले. माय त्यांतलं पाणी पिणार आणि मी दर दोन दिवसांनी झऱ्यावर जाऊन ते भरून आणणार. वर अर्धा दिवस, खाली अर्धा दिवस. फार दिवस हे जमणार नाही, हे मलाही दिसत होतं. शिवाय घरात बाळंतपण आणि विहीणबाई तहानलेली बसून आहे, हे त्या लोकांना किती अवघड होईल? चार-पाच दिवस ठीक. त्याहून जास्त नको.

मायने यावर स्वतःचा उपाय काढला. तिने पाणी कमी करायला घेतलं. घरातच. दिवसाला दोन तांबे, स्वयंपाकाचं वेगळं. मी भिंतीवर कोळशाने रेघा ओढायचो, आज दोन, आज दोन, एक दिवस पावणेदोन. उन्हात कापूस वेचून आल्यावरही ती तांब्याकडे बघून घ्यायची आणि अर्धाच प्यायची. सकाळी डोक्यावर पायलीभर ज्वारीचं गाठोडं घेऊन नाल्यापर्यंत जाऊन यायची, चढाची सवय व्हावी म्हणून. बायका हसायच्या, म्हणायच्या, हिला म्हातारपणी पलटणीत भरती व्हायचंय. मला तिचा अभिमान वाटायचा. भिंतीवरच्या रेघा मी आल्यागेल्याला दाखवायचो. लाज वाटते आता.

निघायचं कधी, यावर मात्र आमचं जमेना. पावऱ्याचं म्हणणं होतं, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला निघा. नाल्यांना पाणी असतं, थंडी अजून हाडात शिरलेली नसते, आणि त्यालाही तेव्हा फुरसत होती. मायलाही तेच हवं होतं. मी पंचांग उघडलं. सातवा कधी लागला, नऊ महिने नऊ दिवस कधी भरतात, ते बोटांवर मोजून दाखवलं. भरतात पौषाच्या पौर्णिमेला. आता निघालो तर पाच दिवसांत पोचू आणि मग पंचवीस दिवस बसून राहू. पंचवीस दिवस झऱ्याचं पाणी! त्याऐवजी पौष शुद्ध पंचमीला निघायचं, दशमीला पोचायचं, पाच दिवस पुरेल एवढं पाणी, की बाळंतपण, की नेम सुटला. किती नेटकं! मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पावऱ्याने चिमटीत तंबाखू मळत ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोट काय पंचांग देखस का?"

मी त्याला हसण्यावारी नेलं. माय मात्र हसली नाही. ती चुलीजवळून उठून आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "भाऊ, मी तठे जाईसन बठसू. पानी नही भेटनं तरी चाली."

मी तिला पुन्हा सगळं समजावलं. अगदी लहान मुलाला समजवावं तसं. तू तहानलेली बसलीस तर पोरीच्याच जिवाला घोर लागेल. आजारी पडलीस तर तिचं कोण करणार? मी बोलत राहिलो, ती ऐकत राहिली. मी काही खोटं बोलत नव्हतो. पण अर्धं खरं बोलत होतो, कारण कापूस उभा होता. शेवटची वेचणी राहिली होती, मजूर मिळत नव्हते आणि वीस दिवस उशिरा निघणं मला सोयीचं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नसेल. शेवटी मायने माझ्या मांडीवरच्या पंचांगाकडे पाहिलं, त्यातलं तिला अक्षरही कळत नव्हतं, आणि म्हणाली, "तू शिकेल शे. तुले समजस."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, दुसऱ्यांना ऐकवतही आलो होतो.

पंचमीला आम्ही निघालो. मायच्या पदराला बायकोने बहिणीसाठी हळदकुंकू बांधून दिलं. राणीपूरपर्यंत बैलगाडी, पुढे पायी. पावरा पुढे, मधे माय, मागे मी पाठीवर शिधा घेऊन, तुंबे काठीला टांगलेले. घाट लागला तेव्हा मला दम लागला, मायला नाही. एवढे दिवस गाठोडं घेऊन चाललेली ती. वाटेत गवत मायच्या खांद्याइतकं उंच होतं, पिवळं पडलेलं. साग, मोह, अंजन. थंडी मात्र पावरा म्हणाला होता तशीच हाडात शिरली. दुसऱ्या मुक्कामाला सकाळी उठलो तर घोंगडीवर दव गोठलेलं. मायच्या टाचा फुटल्या, त्यांत तिने आपलं तेल भरलं आणि फडकं बांधलं. एवढंच विचारायची, आज कितवा दिवस.

वाटेत पाणी मुबलक होतं. दर दोन टेकाडांमागे ओहोळ. पण माय तिथेही ओंजळभरच प्यायची. मी म्हटलं, अगं, इथे नेम नाही, पोटभर पी. ती म्हणाली, सवय मोडायला नको. तिसऱ्या मुक्कामाला पावऱ्याच्या बायकोने मक्याची भाकर आणि उडदाची डाळ दिली. तिला आमची बोली येत नव्हती आणि मायला तिची, पण दोघी शेकोटीशी बसून बराच वेळ काहीतरी बोलल्या. मायने हातांनी मूल वळवून दाखवलं, तिने मान डोलावली. मग तिने मायला एक मूळ दिलं, बाळंतिणीला रक्त जास्त जायला लागलं तर उगाळून द्यायचं. मायने ते कनवटीला खोचलं.

पाचव्या दिवशी सकाळी डोंगराची शेवटची धार ओलांडली आणि खाली नर्मदा दिसली. मी आनंदाने ओरडलोच. चार वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. वहीत लिहिलं होतं अगदी तसं, घटकाभरही इकडे तिकडे नाही. तिथेच तो झरा होता. पावरा म्हणाला, इथून पुढे त्यांची शीव. मायने हातपाय धुतले, तोंड धुतलं आणि मग बसून पाणी प्यायली. पोटभर. मला वाटतं दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी चारी तुंबे गळ्यापर्यंत भरले, पळसाच्या पानांची बुचं घातली. उतरताना ते काठीवर हेलकावत होते आणि माय मागून सारखी म्हणत होती, सांडवू नको, सांडवू नको.

बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. ओट्यावर मेहुणे बसले होते, खाली, घोंगडीवर. डोक्याला पागोटं नव्हतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला, पण उठले नाहीत. मला काही कळलं नाही. मी काठी खांद्यावरून उतरवत होतो, तुंबे कुठे ठेवू ते बघत होतो. मायला कळलं. ती मधल्या वाटेतच उभी राहिली आणि तेवढ्यात आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला मूल झालं होतं. मुलगी. माझ्या हिशेबाच्या पंधरा दिवस आधी. मूल पायाळू होतं, सुईणीला वळवता आलं नाही, कसंबसं ओढून काढलं. मग रक्त थांबेना. तिसऱ्या दिवशी पहाटे बहीण गेली. आम्ही गाव सोडलं त्याच्या तीन दिवस आधी. तिकडून माणूस निघाला होता आम्हाला कळवायला, तो दुसऱ्या धारेने उतरला आणि आमची चुकामूक झाली. पदराला हळदकुंकू बांधून, तुंबे टांगून, गूळ-सुंठ घेऊन आम्ही वरातीमागून घोडं आणलं होतं.

मी मोजलं. मला मोजल्याशिवाय राहवतच नाही. पौर्णिमेला निघालो असतो तर मूल व्हायच्या दहा दिवस आधी माय तिथे असती. दहाच दिवस पाणी आणावं लागलं असतं. पाच खेपा.

आत गेलो तेव्हा बहिणीच्या सासूने मुलीला आणून मायच्या मांडीवर ठेवलं. दुपट्याला चारोळीच्या पिशवीचं जुनं कापड लावलं होतं, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. माय रडली नाही. तिने मुलीचे पाय चाचपले, टाळूवर हात फिरवला, बेंबी पाहिली, जशी ती कुठल्याही तान्ह्याची पाहायची तशी. सासूबाई मोठ्या मनाची बाई होती. ती माजघरात गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. आपल्या निमाडी बोलीत म्हणाली, विहीणबाई, आता प्या, नात झाली तुम्हाला, आता नेम उरला नाही. घरात सुतक होतं, तेही कोणाला सुचलं नाही.

मायने तांब्या घेतला. एका हातावर मूल, दुसऱ्या हातात तांब्या. ती एका दमात सगळं पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळ गळ्यापर्यंत आले. रिकामा तांब्या पुढे करून तिने आणखी मागितलं, तोही प्यायली. मग माझ्याकडे पाहिलं. मी अजून दारात उभा होतो, काठी हातात, तुंबे भरलेले.

"पंचवीस दिस पानी नही भेटतं तरी मी मरती नही रे, भाऊ," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी बाहेर आलो, काठी भिंतीला लावली आणि मेहुण्यांच्या शेजारी घोंगडीवर बसलो. आम्ही दोघं तिथे रडलो. तुंब्यांतलं पाणी दुसऱ्या दिवशी मी अंगणातल्या तुळशीला घातलं. कनवटीचं ते मूळ मायने नर्मदेत सोडलं.

माय तिथेच राहिली. पोरीला शेळीचं दूध पाजणं, अंग चोळणं, सगळं तिने केलं. मी एकटा आलो, त्याच वाटेने, पावऱ्याच्या मागून. आपलं म्हणणं खरं ठरलं, हे त्याने कधीच बोलून दाखवलं नाही, आणि म्हसावदच्या बाजारात तो दिसला की मी वाट बदलायचो. घरी आल्यावर पहिल्यांदा भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा दिसल्या. बायको त्या पुसायला निघाली होती. मी तिला पुसू दिल्या नाहीत. पुढे माय आली, दोन वर्षांनी, रेल्वेने, नातीला घेऊन. मेहुण्यांनी दुसरं लग्न केलं होतं आणि पोर आजीशिवाय राहत नव्हती. मायने घरात पाय ठेवला, त्या रेघा पाहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या मातीने सगळी भिंत सारवून घेतली.

पोर आमच्याकडेच वाढली. पाय बहिणीसारखे, लांब बोटांचे. गेल्या सालच्या आधीच्या उन्हाळ्यात तिचं लग्न करून दिलं, इथेच, धानोऱ्याला, बैलगाडीने एका दिवसाच्या आत पोचता येईल असं. स्थळ ठरवताना मी अंतर सोडून दुसरं फारसं काही विचारलं नाही. काका तेव्हा हयात होते, अंथरुणाला खिळलेले, पण नेमाची आठवण त्यांनी करून दिलीच. मायने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

लग्नाला महिनाही झाला नसेल. आम्ही पोरीला पाहायला गेलो, माय आणि मी. मायला तेव्हा नीट दिसत नव्हतं, माझ्या हाताला धरून ती ओट्यावर चढली. ओसरीत सासरची चार वडीलधारी माणसं बसली होती, रीतभात जाणणारी. गूळ पुढे आला, पाणी आलं नाही, कारण त्यांनाही नेम ठाऊक होता आणि आम्हाला अडचणीत टाकायचं नव्हतं. माय उंबऱ्याला टेकून बसली. अजून पदर सावरला नव्हता, तोच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वं पोरी, पानी लई ये."

पोर घाबरली, तिने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने हो म्हटलं. तिने तांब्या भरून आणला. माय ते पाणी सावकाश प्यायली, मधे थांबत, चव घेत. अर्धं राहिलं तेव्हा तिने हात लांब करून मला चाचपलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.